पेट्रोल-जीपमधील ठिणगीचा बिघाड व त्याचा शोध

आपल्या सभासदांपैकीं बहुतेकांचे ट्रॅक्टर डिझेलवर व पाण्याचे पंप डिझेलवर किंवा विजेवर चालतात. डिझेल इंजिनांत हवा दाबली जाऊन इतकी तापते कीं तेल आंत शिरतांच पेटतें. तेथें ठिणगीचें कामच नाहीं. त्यामुळें ठिणगीवर चालणाऱ्या इंजिनाची नाडी पाहण्याची विद्या आपल्या खेड्यांतून जवळजवळ गेली आहे. परंतु कित्येक वाड्यांच्या पडवींत एखादी जुनी पेट्रोल-जीप अद्याप उभी असते, आणि ती ठेवावी कीं विकावी या विवंचनेंत तिचा मालक असतो. अशा गृहस्थांसाठीं हा लेख आहे.

आमच्या घरची गाडी १९४४ सालची विलीज लष्करी जीप. महायुद्ध संपल्यावर मोडींत निघालेल्या लष्करी मालाच्या लिलावांत आजोबांनीं ती घेतली. गेल्या उन्हाळ्यांत तिला एक चमत्कारिक खोड लागली. सकाळीं हँडलच्या दुसऱ्या फेऱ्यास सुरू व्हावी, दहा-बारा किलोमीटर सुरळीत जावी, आणि मग कोणीं दिवा मालवावा तशी एकाएकीं बंद पडावी. अर्धा तास थांबलें कीं पुन्हां चालू. एके दिवशीं आईस दवाखान्यांत नेत असतां भर दुपारीं माळरानावर ती अशीच उभी राहिली. सुदैवानें मागून दुधाचा टेंपो आला व आईस पुढें घेऊन गेला. परंतु त्या दिवसापासून घरांतला गाडीवरचा विश्वास उडाला. तालुक्याच्या एका गॅरेजमध्यें प्रथम कॉइल बदलली, नंतर चारहि प्लग, नंतर बॅटरी. कार्बुरेटर दोनदां धुतला. शेवटीं इंजिनच उतरवावें लागेल असा निकाल मिळाला. काकांनीं भंगारवाल्यास बोलावण्याची तयारी केली. मीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

विचार करितां एक गोष्ट ध्यानांत आली. गाडी गॅरेजांत पोंचून तिचें झांकण उघडेपर्यंत ती थंड झालेली असे, आणि थंड गाडींत दोष नव्हताच. ताप उतरल्यावर वैद्यानें रोग्याचें अंग चाचपावें, तसा तो प्रकार होता. जो दोष तापल्यावर येतो तो तापलेल्या स्थितींतच, गाडी बंद पडल्याबरोबर, जागच्या जागीं शोधला पाहिजे.

त्यासाठीं प्रवाहाचा मार्ग ठाऊक हवा. बॅटरीचा ६ व्होल्टचा प्रवाह स्विचमधून कॉइलमध्यें येतो. कॉइलच्या पोटांत लोखंडी गाभ्याभोंवतीं जाड तारेचे कांहीं शें वेढे व केसासारख्या तारेचे हजारों वेढे असतात. जाड वेढ्यांतून निघालेला प्रवाह डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटांवाटे गाडीच्या सांगाड्यास, म्हणजे अर्थास, मिळतो. पॉइंट मिटलेले असतां गाभ्यांत चुंबकत्व भरतें. फिरत्या कॅमनें ते उघडले कीं प्रवाह तुटतो, चुंबकत्व कोसळतें, आणि त्या धक्क्यानें बारीक वेढ्यांत दहा-पंधरा हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. तो मधल्या जाड वायरीनें डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणांत व तेथून रोटरच्या वाटेनें पाळीपाळीनें प्लगांकडे जातो. इंजिन मिनिटास ३००० फेरे करीत असतां चार सिलिंडरांस सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. प्रवाह तोडण्यांत किंचित् ढिलाई झाली तरी ठिणगी मरते. ती होऊं नये म्हणून पॉइंटांशीं बोटाच्या पेऱ्याएवढी एक डबी जोडलेली असते, तिला कंडेन्सर म्हणतात. पॉइंट उघडतांना जो प्रवाह फटींतून उडी मारूं पाहतो, त्यास ती क्षणभर पोटांत घेते.

ही योजना अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यानें सिद्ध केली व १९१० च्या कॅडिलॅक मोटारींत ती आली. केटरिंग हा ओहायो संस्थानांतील शेतकऱ्याच्या घरचा मुलगा. त्याच्या कंपनीच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून झालेला ‘डेल्को’ हा शब्द आपल्याकडील कांहीं जुने मिस्त्री अजून डिस्ट्रिब्यूटरला लावतात, मग तो कोणत्याहि कारखान्याचा असो.

आतां शोधाकडे वळूं. साहित्य थोडें: ६ व्होल्टचा एक लहान बल्ब, त्यास दोन लांब वायरी, पाना, आणि कपडे वाळत घालण्याचा लांकडी चिमटा. उन्हाळ्यांत पेट्रोलची वाफ नळींत अडकूनहि गाडी अशीच बंद पडते व निवल्यावर सुरू होते. म्हणून दोष पेट्रोलचा कीं विजेचा, हें आधीं ठरवावें. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून टोपणांतली मधली जाड वायर उपसावी, चिमट्यांत धरून तिचें टोंक इंजिनाच्या उघड्या लोखंडापासून ६ मिलिमीटरवर आणावें, व स्विच चालू करून दुसऱ्याकडून हँडल फिरवावें. हें कार्बुरेटरपासून दूर करावें, पेट्रोल गळत असल्यास मुळींच करूं नये. निळी, कडकडीत ठिणगी पडली तर कॉइलपर्यंतचें काम ठीक आहे. दोष पेट्रोलमध्यें, नाहीं तर पुढें रोटर, टोपण व प्लग यांत. ठिणगी पडली नाहीं तर दिवा हातीं घ्यावा.

आमच्या गाडीनें बाराव्या किलोमीटरवर दम सोडला आणि ठिणगी पडली नाहीं. दिव्याची एक वायर अर्थास व दुसरी कॉइलच्या स्विचकडील टोंकास लावली. दिवा लख्ख लागला. म्हणजे बॅटरी, स्विच व वायर निर्दोष. मग ती दुसरी वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडील टोंकास लावली. येथें हँडल फिरवितांना दिवा लुकलुकला पाहिजे: पॉइंट उघडले कीं लागावा, मिटले कीं विझावा. तो सतत लागून राहिल्यास पॉइंट जळलेले किंवा तेलकट आहेत, त्यांतून प्रवाह जातच नाहीं असें समजावें. आमचा मात्र मुळींच लागेना. याचीं कारणें दोनच: कॉइलचे जाड वेढे तुटले असतील, किंवा पुढें कोठें तरी प्रवाह परस्पर अर्थास मिळत असेल. डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी वायर कॉइलपासून सोडतांच त्या टोंकावर दिवा लागला. कॉइल सुटली. वायर पुन्हां जोडून टोपण काढलें. पॉइंट तर डोळ्यांदेखत उघडत होते. मग कंडेन्सरची तार सोडली, आणि दिवा लुकलुकूं लागला.

विशेष असें कीं हा कंडेन्सर गाडींतला जवळजवळ सर्वांत नवा भाग होता. आदल्या वर्षीं पॉइंटांबरोबर तो बदलला होता, बिननांवाच्या खोक्यांतून आलेला. तापला कीं त्याच्या आंतलें वेष्टन दगा देई व प्रवाह सरळ अर्थास जाई. निवला कीं पुन्हां सज्जन. नवीन म्हणून त्याच्यावर कोणींच संशय घेतला नव्हता, मींहि नाहीं.

बदली कंडेन्सर त्याच नमुन्याचा हवा असें नाहीं. ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा, पॉइंट असलेल्या कोणत्याहि जुन्या पेट्रोल-मोटारीचा कंडेन्सर चालतो, आणि तो डिस्ट्रिब्यूटरच्या बाहेर कसला तरी भागतें. त्याच्या डबीचा धातु अर्थास नीट लागला म्हणजे झालें. शेजारच्या गांवीं पडून असलेल्या फियाटचा मीं आणून लावला.

दिवा नीट लुकलुकतो, तरीहि मधल्या वायरीस ठिणगी नाहीं, असें झाल्यास कॉइलचे बारीक वेढे किंवा आंतून तुटलेला कंडेन्सर यांपैकीं एक दोषी असतो. कंडेन्सर स्वस्त, म्हणून आधीं तो बदलून पाहावा. पॉइंटांची फट ०.५ व प्लगची ०.७५ मिलिमीटर ठेवावी. पावसाळ्यांत टोपणाच्या आंत दंव धरतें. कोरड्या फडक्यानें पुसून पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी चीर दिसते का तें पाहावें. तशी दिसल्यास टोपण टाकून द्यावें, तें खरवडण्यांत अर्थ नाहीं. इंजिन बंद असतां स्विच चालू ठेवूं नये, कॉइल भाजते.

काढलेली कॉइल व प्लग गॅरेजवाल्यानें परत दिले होते. तीं मीं पुन्हां बसवून पाहिलीं. गाडी त्यांवरच चालते आहे. नवी कॉइल, नवे प्लग व दिवा बैठकीखालच्या डब्यांत ठेवले आहेत.