फर्माची सहावी संख्या

४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे की संयुक्त? ती विषम आहे, तिच्या शेवटी ५ नाही. अंकांची बेरीज ५९ येते, तेव्हा ३ ने भाग जात नाही. ११ ची कसोटीही लावून पाहा. तीही उपयोगी पडत नाही.

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ही संख्या मिळते. २ चे १, २, ४, ८ व १६ हे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवल्यास ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या येतात. या पाचही मूळ आहेत. त्यावरून पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० साली असे मत मांडले की, घातांक असाच दुप्पट करत गेल्यास दर वेळी मूळ संख्याच मिळेल. सिद्धता त्याच्यापाशी नव्हती.

आपली संख्या या मालिकेतील सहावी. तिचे वर्गमूळ ६५,५३६ हून किंचित मोठे आहे. म्हणजे ती मूळ आहे हे नुसत्या भागाकाराने ठरवायचे तर ६,५४२ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल! १७३२ साली ऑयलरने दाखवून दिले की, तिला ६४१ ने नि:शेष भाग जातो. गंमत अशी की, ६४१ ही ११६ वी मूळ संख्या. ओळीने भागाकार करत गेला असता तर फर्मालाही ती सापडली असती.

हे पडताळण्यासाठी मोठा भागाकार करण्याचीही गरज नाही. कागद-पेन्सिल घ्या आणि ६४१ दोन प्रकारे लिहा :

६४१ = ६२५ + १६
६४१ = ५ × १२८ + १

६२५ हा ५ चा चौथा घात, १६ हा २ चा चौथा घात आणि १२८ हा २ चा सातवा घात. पहिल्या ओळीला २ च्या २८ व्या घाताने गुणा. १६ चा होतो २ चा ३२ वा घात. ६२५ चा होतो (५ × १२८) चा, म्हणजेच ६४० चा चौथा घात. तेव्हा या दोहोंच्या बेरजेला ६४१ ने भाग जातो. आता ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा करा. (६४० − १)(६४० + १) हा त्याचा एक अवयव आहे, म्हणून त्यालाही ६४१ ने भाग जातो. पहिल्यातून दुसरे वजा केले की उरते २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे आपली संख्या!

भागाकार येतो ६७,००,४१७. हीदेखील मूळ संख्या आहे. म्हणजे आपली संख्या केवळ दोन मूळ अवयवांची. १ धरून तिच्यापेक्षा लहान विभाजकांची बेरीज जेमतेम ६७,०१,०५९ भरते. तेव्हा परिपूर्ण संख्येच्या ती जवळपासही नाही, ती ‘न्यून’ गटातली.

मालिकेतील पुढच्या सत्तावीस संख्याही संयुक्त ठरल्या आहेत. सहावी मूळ संख्या या मालिकेत अद्याप कोणालाही सापडलेली नाही. ती नाहीच, असेही कोणी सिद्ध केलेले नाही.