गाण्यांचा हजेरीपट



गिरणीच्या फाटकाशी उभे राहून माणसे मोजण्याची माझी सवय जुनी आहे. आत किती गेले आणि हजेरीपटावर किती चढले, या दोन आकड्यांत फरक पडे. बदली कामगार त्या फटीत हरवत. असाच एक हजेरीपट गाण्यांचाही आहे.

अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ या संगीतधंद्याच्या नियतकालिकाने जून १९८५ मध्ये लॅटिन अल्बमांच्या पॉप, मेक्सिकन आणि ट्रॉपिकल अशा तीन याद्या सुरू केल्या. ट्रॉपिकल म्हणजे क्यूबा, प्वेर्तो रिको, डोमिनिकन प्रजासत्ताक यांच्या वळणाचे संगीत : सालसा, मेरेंगे, बचाता. यादी मात्र अमेरिकेतील खपाची. हवानातले लोक काय ऐकतात, हे ती सांगत नाही.

पूर्वी दुकानदारांना विचारून याद्या बनत. सांगणारा माणूसच; त्याची आवड, त्याचा विसर आणि त्याचा लोभही यादीत उतरे. १९९१ पासून ‘साउंडस्कॅन’ने गल्ल्यावरच्या यंत्रातून विक्रीचे आकडे घेतले. जुलै १९९३ मध्ये सर्व लॅटिन अल्बमांची एकत्र यादी निघाली, तेव्हा पहिला क्रमांक ग्लोरिया एस्टेफानच्या क्यूबन वळणाच्या ‘मी तिएरा’ला मिळाला. यंत्र लबाडी करीत नाही, हे खरे. पण मोहल्ल्यातल्या ज्या छोट्या दुकानात यंत्रच नाही, तेथली विक्री त्याला दिसावी कशी?

आता लोक अल्बम विकत घेण्यापेक्षा इंटरनेटवर ऐकतात. म्हणून डिसेंबर २०१४ पासून ‘बिलबोर्ड’च्या मुख्य यादीत १५०० वेळा ऐकलेली गाणी एका अल्बमाच्या विक्रीबरोबर धरली जाऊ लागली, पुढे ऐकण्याची मोजणी ट्रॉपिकल यादीतही आली. २०१८ मध्ये मुख्य यादीचा दर बदलला. तेव्हा वर्गणी भरणाऱ्याचे १२५० वेळा ऐकणे म्हणजे एक अल्बम ठरले. जाहिराती सोसून फुकट ऐकणाऱ्याचे मात्र ३७५० वेळा! म्हणजे त्या दराने गरिबाच्या कानाची किंमत एक-तृतीयांश होती. नियम करणारे म्हणतील, ज्यातून पैसा अधिक येतो त्याला वजन अधिक. म्हणावे, पण मग त्या आकड्याला लोकप्रियता म्हणू नये, मिळकत म्हणावे.

यादी टाकाऊ आहे, असे मी म्हणत नाही. हजेरीपट नसता तर आम्ही मजुरी कशाच्या आधारे मागितली असती? एवढेच सांगतो, की कोणताही तक्ता समोर आला म्हणजे मोजणारा कोठे उभा होता, हे आधी विचारा. आणि मग फाटकाबाहेर कोण राहिले, ते पाहून या.