घरगुती चित्रसंग्रहातील संकेतांतर : मंदगतीचे निदान

घरातील एखाद्या लहान संगणकावर चित्रपट व कौटुंबिक चित्रफिती साठवून त्या दूरदर्शनसंचावर किंवा मोबाइलवर पाहण्याची सोय जेलिफिन, प्लेक्स यांसारख्या प्रणालींनी सुलभ केली आहे. अशा सर्व्हरविषयी नेहमी ऐकू येणारी तक्रार म्हणजे चित्र मध्येच थबकते, क्षणभर थांबते आणि पुन्हा चालू लागते. प्रोसेसर दुबळा आहे असे समजून बहुतेक लोक नव्या यंत्राच्या खरेदीस लागतात. हा निष्कर्ष पुष्कळदा निराधार असतो, आणि तो निराधार होता हे पैसे खर्च झाल्यावर कळते.

सर्व्हर तीन प्रकारे चित्रफीत पुरवितो. ग्राहक-यंत्रास मूळ संकेत वाचता येत असेल तर फाइल जशीच्या तशी जाते. केवळ तिचे वेष्टन न मानवणारे असेल तर वेष्टन तेवढे बदलले जाते. ही क्रिया जवळजवळ विनाश्रम होय. मात्र संकेतच वाचता येत नसेल, तर प्रत्येक चौकट उलगडून ती दुसऱ्या संकेतात पुन्हा बांधावी लागते. यालाच ट्रान्सकोडिंग किंवा संकेतांतर म्हणतात. ३८४० × २१६० आकाराच्या एका चौकटीत ८२,९४,४०० बिंदू असतात. सेकंदास २४ चौकटी धरल्या तर दर सेकंदास सुमारे १९.९ कोटी बिंदूंचा हिशेब ठेवावा लागतो. १९२० × १०८० च्या चित्रात हे काम बरोबर एकचतुर्थांश असते.

निदानाचा आरंभ प्रोसेसरच्या वापराच्या टक्केवारीपासून करणे ही सार्वत्रिक चूक आहे. संकेतांतराचे काम बहुधा एफएफएम्पेग या कार्यक्रमाकडे असते. प्रेक्षकाच्या पुढे काही अंतर तयार ठेवावे म्हणून तो आरंभी शक्य तितक्या वेगाने धावतो. तेव्हा प्रोसेसर शंभर टक्के व्यापलेला दिसला तरी त्यात विकार नाही. खरा निर्देशक म्हणजे त्याच्या नोंदवहीत ‘स्पीड’ या शब्दापुढे येणारा आकडा. तो १ असेल तर एका सेकंदाचे चित्र एका सेकंदात तयार होत आहे. आकडा सातत्याने १ हून कमी असेल तर चित्र अडखळणारच. उलट तो २ किंवा ३ असूनही चित्र अडखळत असेल, तर दोष प्रोसेसरचा नसून वायफायचा, तबकडीचा किंवा ग्राहक-यंत्राचा आहे. तेथे नवा प्रोसेसर आणून काहीही साधणार नाही.

आकडा कमी असल्यास दुसरा प्रश्न असा, की संकेतांतर मुळात का घडत आहे? जेलिफिनच्या नियंत्रणपृष्ठावर त्याचे कारण नोंदविलेले असते. ग्राहक-यंत्रावरील गुणवत्तेची मर्यादा कोणीतरी कधीकाळी खाली आणून ठेवलेली असते, एवढेच कारण कित्येकदा निघते. परंतु सर्वांत फसवे कारण उपशीर्षकांचे होय. ब्लू-रे व डीव्हीडी यांवरील उपशीर्षके अक्षरे नसून चित्रे असतात. ती स्वतंत्रपणे दाखविण्याची शक्ती ग्राहक-यंत्रात नसेल तर सर्व्हरला ती प्रत्येक चौकटीवर कोरावी लागतात, आणि एरवी जशीच्या तशी गेली असती ती फाइल संपूर्ण संकेतांतराच्या चक्रात सापडते. उपशीर्षके बंद करताच चित्र सुरळीत चालू लागले, तर रोग सापडला असे समजावे. मराठी वाचकास येथे आणखी एक अडचण येते. ज्या संचात देवनागरी जोडाक्षरे नीट जुळत नाहीत, तेथे साध्या मजकुराची उपशीर्षकेही कोरून घेण्याचा मोह होतो. तसे करता येते. पण देवनागरी टंक सर्व्हरवर उपलब्ध हवा, नाही तर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकोनांच्या ओळी उमटतात, आणि त्या उमटविण्याचे श्रम मात्र तितकेच होतात.

संकेतांतर अटळच असेल तर ते चित्रप्रक्रियेच्या खास मंडलाकडे सोपवावे. इंटेलच्या प्रोसेसरांत क्विक सिंक हे मंडल २०११ पासून आहे. दहा-बिटी एचईव्हीसी चित्र पूर्णतः उलगडण्याची क्षमता सातव्या पिढीत, म्हणजे २०१६ मध्ये आली. नवे यंत्र प्रत्येक बाबतीत समर्थच असते असे नाही. २०२३ च्या रास्पबेरी पाय ५ मध्ये एच.२६४ बांधणारे मंडलच नाही, जे आधीच्या पाय ४ मध्ये होते. दहा-बिटी एच.२६४ ही फाइल तर बहुतेक प्रचलित मंडलांना उलगडता येत नाही.

मंडल असूनही ते वापरले जात नाही, असेही वारंवार घडते. लिनक्सवर सर्व्हर डॉकरच्या पेटीत चालत असेल तर ‘डीआरआय’ या निर्देशिकेतील उपकरण त्या पेटीत पोचविले पाहिजे व सर्व्हरच्या खात्यास ‘रेंडर’ गटाची परवानगी दिली पाहिजे. प्लेक्समध्ये हे न जमल्यास काम गाजावाजा न करता प्रोसेसरवर येऊन पडते. शिवाय साखळीतील एक दुवाही पुरेसा घातक ठरतो. एचडीआर चित्राची उज्ज्वलता सामान्य पडद्यास योग्य अशी उतरविण्याचे काम प्रोसेसरवर राहिले, तर उलगडणे व बांधणे ही दोन्ही कामे मंडलावर असूनही प्रत्येक चौकट तेथून मुख्य स्मृतीत व परत अशी ये-जा करते, आणि वेगाचा आकडा कोसळतो.

आकडा प्रथम समाधानकारक असून वीस-पंचवीस मिनिटांनी उतरू लागला, तर यंत्राच्या तापमानाकडे पाहावे. पंखा नसलेल्या लहान पेट्यांत हे साहजिक आहे. ज्या फाइली वारंवार पाहिल्या जातात त्यांचे रूपांतर रात्री एकदाच करून ठेवणे हा उपायही विचारार्ह होय. तेथे घाई नसल्यामुळे मंडलाऐवजी एक्स२६४ सारखा मंद पण काटेकोर संकेतक वापरता येतो. मात्र मूळ फाइल पुसू नये, विशेषतः ती घरगुती चित्रण असेल तर. कारण अशा रूपांतरात गेलेला तपशील पुन्हा मिळत नाही.