घरच्या घरी व्हॅनिला कॉफी कॉकटेल

पिंपरी-चिंचवडची ओळख कामगारनगरी अशी आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, पुढे टेल्को आणि बजाज ऑटो आल्या, आणि २००९ च्या सुमारास चाकणला फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. या नगरीचे पेय म्हणजे टपरीवरचा कटिंग चहा. कॉफी येथे प्रामुख्याने नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या दाक्षिणात्य कुटुंबांच्या स्वयंपाकघरातून आली, तीही पितळी फिल्टर आणि दाबरा-टंबलरसकट. आता वाकड, पिंपळे सौदागर, रावेत, मोशी या भागांतील सोसायट्यांमध्ये शनिवारी संध्याकाळी मित्रमंडळी जमली की याच कॉफीत व्होडका आणि व्हॅनिला मिसळून कॉकटेल करण्याची हौस दिसू लागली आहे. हे पेय करणे अवघड नाही. मात्र त्यातील व्हॅनिला खरा हवा असेल आणि पाहुणे सुखरूप घरी पोचावेत अशी इच्छा असेल, तर त्यामागचे थोडे शास्त्र माहीत असलेले बरे.

कॉफी आणि मद्य यांची जोडी नवी नाही. आयर्लंडमधील फॉइन्स येथील विमानतळावर जो शेरिडन या आचाऱ्याने १९४० च्या दशकात थंडीने गारठलेल्या प्रवाशांसाठी कॉफीत व्हिस्की घालून वर साय सोडली आणि 'आयरिश कॉफी' जन्माला आली. थंडगार आणि फेसाळ कॉकटेलचे श्रेय मात्र लंडनच्या डिक ब्रॅडसेल यांना दिले जाते. १९८० च्या दशकात त्यांनी व्होडका, ताजी एस्प्रेसो आणि कॉफी लिकर एकत्र हलवून जे पेय केले, तेच पुढे एस्प्रेसो मार्टिनी म्हणून जगभर पोचले. व्हॅनिलाची भर नंतरच्या बारटेंडरांनी घातली. आपल्याकडील वाचकाला ही चव परकी वाटण्याचे कारण नाही. व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा सोडलेली कोल्ड कॉफी पुण्यात पिढ्यान् पिढ्या प्यायली जात आहे, आणि त्यात जिभेला आवडते ती हीच जोडी.

'व्हॅनिला' हा शब्द स्पॅनिश भाषेतून आला असून त्याचा अर्थ 'छोटी शेंग' असा आहे. ही एका वेलीवरच्या ऑर्किडची शेंग. मूळ मेक्सिकोतील या वेलीचे फूल जेमतेम एक दिवस उमललेले असते आणि त्या वेळात हाताने परागीभवन केले नाही तर शेंग धरत नाही. ही हातोटी १८४१ मध्ये हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर, एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधून काढली आणि आजही बहुतेक बागांतून तीच वापरली जाते. त्यापुढे शेंग पक्व व्हायला नऊ महिने, आणि गंमत अशी की, हिरव्या शेंगेला वास जवळजवळ नसतोच. गरम पाण्यातून काढून, घाम आणून, उन्हात व सावलीत महिनोन् महिने मुरवल्यावर तिच्यातील साखरेशी जखडलेले व्हॅनिलिन मोकळे होते आणि सुगंध सुटतो.

एवढ्या खटाटोपामुळे शेंग महाग असते, आणि तिचा बाजारही लहरी आहे. मादागास्करमध्ये २००० साली आलेल्या वादळानंतर जगात व्हॅनिलाचे दर भडकले, तेव्हा केरळ-कर्नाटकातील हजारो शेतकऱ्यांनी नारळी-पोफळीच्या बागांत वेली चढवल्या. कोवळ्या शेंगांनाही त्या काळी सोन्यासारखा भाव होता. २००४ नंतर दर असे कोसळले की, अनेकांनी वेली उपटून टाकल्या.

बाजारात सहज मिळणारी व्हॅनिला इसेन्सची बाटली हे वेगळे प्रकरण आहे. १८७४ मध्ये जर्मनीत टीमान आणि हारमान या रसायनशास्त्रज्ञांनी व्हॅनिलिन प्रयोगशाळेत बनवले. पुढे लाकडातील लिग्निन आणि पेट्रोरसायनांपासून मिळणारे ग्वायकॉल यांतून ते टनावारी तयार होऊ लागले. शाई-रंगांमुळे मराठी घरांना परिचित असलेल्या कॅम्लिन या नावाच्या कॅम्लिन फाइन सायन्सेस कंपनीनेही गुजरातेत दहेज येथे व्हॅनिलिनचा प्रकल्प उभारला. या व्हॅनिलिनचा रेणू शेंगेतल्या रेणूसारखाच असतो, त्यामुळे त्याला 'नकली' म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. फरक एवढाच की, शेंगेत त्या एका रेणूबरोबर शेकडो इतर सुगंधी द्रव्ये असतात आणि त्यांच्यामुळे वासाला खोली येते. केक भट्टीत भाजला जातो तेव्हा हा फरक फारसा कळत नाही. थंड पेयात तो कळतो. इसेन्सचे दोन थेंब जास्त पडले की कॉफी औषधासारखी कडवट लागते.

शेंग विकत घेताना ती लवचिक, काळपट तपकिरी आणि किंचित तेलकट असावी. वाकवताच तुटणारी शेंग शिळी समजावी. कधी कधी शेंगेवर बारीक पांढरे, चमकदार स्फटिक दिसतात. ती बुरशी नव्हे, बाहेर आलेले व्हॅनिलिनच असते. बुरशी कापसासारखी दिसते आणि तिला कुबट वास येतो.

आता कृतीकडे वळू. व्हॅनिलिन पाण्यात फार थोडे विरघळते, अल्कोहोलमध्ये मात्र सहज. कारखानदारीत आयुष्य घालवलेल्या वाचकांना हे तत्त्व नवे वाटणार नाही. पेनिसिलिनच्या निर्मितीतही आंबवलेल्या द्रवातून औषध वेगळे काढण्यासाठी त्याला ओढून घेणारे द्रावक वापरतात. येथे ते काम व्होडका करते. एक शेंग सुरीने लांबट चिरून, आतला काळा गर खरवडून, शेंग आणि गर दोन्ही २०० मिलिलिटर साध्या व्होडकात टाकावे. काचेची बाटली घट्ट बंद करून अंधाऱ्या कपाटात ठेवावी आणि रोज एकदा हलवावी. चार-पाच दिवसांत द्रव सोनेरी होतो, आठवड्यात कॉकटेलजोगा. शेंग द्रवात पूर्ण बुडालेली असली पाहिजे. केक-बिस्किटांसाठी खराखुरा अर्क हवा असेल तर प्रमाण बरेच वाढवावे लागते. अमेरिकी नियमानुसार व्हॅनिला अर्कात किमान ३५ टक्के अल्कोहोल आणि लिटरला सुमारे १०० ग्रॅम शेंगा लागतात. आपल्याकडील व्होडकात साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते, त्यामुळे पहिली अट आपोआप पुरी होते.

येथे औद्योगिक पट्ट्यातील वाचकांसाठी एक सूचना आवश्यक वाटते. प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात मिळणारे स्पिरिट, मग ते कितीही 'शुद्ध' म्हणून कोणी आणून दिले तरी, या कामाला चुकूनही वापरू नये. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकते. आयसोप्रोपिल अल्कोहोल हे पुसायचे द्रव्य आहे, प्यायचे नव्हे. मिथेनॉलला वेगळी चव नसते, आणि व्हॅनिला व कॉफी मिसळल्यावर तर काहीच कळणार नाही. मुंबईत मालवणी येथे २०१५ मध्ये मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक बळी घेतले होते. परवानाधारक दुकानातील सीलबंद बाटली एवढीच येथे चालते.

कॉफीसाठी महागडे यंत्र नसले तरी अडत नाही. दाक्षिणात्य फिल्टरमध्ये तीन मोठे चमचे पूड दाबून बसवावी, वरून अर्धा कप उकळते पाणी ओतावे आणि अर्धा तास थांबावे. पहिल्या धारेचे जे दाट डिकॉक्शन उतरते तेच घ्यावे, दुसऱ्या पाण्याचे नको. पुडीत चिकोरी असेल तर रंग आणि दाटपणा येतो, पण कडवटपणाही वाढतो. वीस टक्क्यांपेक्षा जास्त चिकोरी या पेयाला मानवत नाही असे माझे मत आहे. फिल्टर नसेल तर दोन चमचे इन्स्टंट कॉफी ३० मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवावी. जाणकार नाक मुरडतील, परंतु फेसाच्या बाबतीत इन्स्टंट कॉफी उजवी ठरते. चमच्याने फेटून फेसाळ कॉफी करण्याची आपल्या घरातील जुनी पद्धत आणि २०२० च्या टाळेबंदीत गाजलेली डालगोना कॉफी याच गुणावर उभी आहे.

पाकासाठी एक वाटी साखर आणि एक वाटी पाणी साखर विरघळेपर्यंतच गरम करावे, तार येऊ देऊ नये. गार झाल्यावर हा पाक फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतो. व्हॅनिलाच्या वासाने पेय आहे त्यापेक्षा गोड भासते, म्हणून साखर जपून घालावी.

एका ग्लासासाठी व्हॅनिला मुरवलेली व्होडका ३० मिलिलिटर, पूर्ण गार केलेले डिकॉक्शन ३० मिलिलिटर, पाक १० ते १५ मिलिलिटर आणि चिमटीच्या टोकावर मावेल एवढे मीठ घ्यावे. मिठाने खारटपणा येत नाही, कडवटपणा मात्र दबतो. शेकर नसेल तर घट्ट फिरकीच्या झाकणाची स्टीलची बाटली चालते. तिच्यात सहा-सात बर्फाचे खडे टाकून पंधरा-वीस सेकंद जोरात हलवावे आणि गाळणीतून थंड ग्लासात ओतावे. गरम कॉफी बंद भांड्यात हलवू नये. आत वाफेचा दाब वाढून झाकण उडते, आणि भांडे काचेचे असेल तर ते तडकते. हात आखडता घेतला तर फेस धरत नाही. नीट हलवलेल्या पेयावर बदामी रंगाचा बोटभर थर येतो, त्यावर कॉफीच्या तीन बिया ठेवण्याची रीत आहे.

पाककृतींच्या पुस्तकांत व्होडकाचे प्रमाण ४५ ते ६० मिलिलिटर दिलेले असते. येथे ते मुद्दाम ३० ठेवले आहे. ३० मिलिलिटर व्होडकात सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते आणि एवढे निचरायला यकृताला साधारण तास-सव्वा तास लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल असणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. साठ किलो वजनाच्या पुरुषाने ६० मिलिलिटरचा एकच ग्लास रिकाम्या पोटी चटकन संपवला, तर ढोबळ हिशेबाने त्याच्या रक्तातील प्रमाण ५० मिलिग्रॅमच्या आसपास जाते. स्त्रियांच्या बाबतीत ते त्याहून अधिक भरते. म्हणजे 'एकच तर घेतला' हे कायद्यापुढे टिकत नाही.

कॉफीमुळे यात एक नवी अडचण येते. कॅफिनने डोळ्यांवरची झापड उतरते, पण रक्तातील अल्कोहोल एका थेंबानेही कमी होत नाही. प्रतिक्रियेचा वेग मंदावलेलाच राहतो. फक्त आपण सावध आहोत असे वाटू लागते. झोप आणि जडपणा ही अल्कोहोलची स्वाभाविक सूचना असते. तीच येथे दडपली जाते आणि माणूस आणखी पितो किंवा गाडीची किल्ली उचलतो. याच कारणावरून नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कॅफिनयुक्त मद्यपेये बनवणाऱ्या चार कंपन्यांना ताकीद दिली होती. दुसरी पाळी संपवून चाकणहून नाशिक महामार्गाने परतणाऱ्या आणि वाटेत मित्राकडे थांबणाऱ्या माणसाने हे लक्षात ठेवावे. त्या रस्त्यावर रात्री अवजड कंटेनरांची रांग असते आणि तेथे अर्ध्या सेकंदाचा उशीरही महागात पडतो. रात्री दहाला घेतलेल्या कॅफिनपैकी साधारण निम्मे पहाटे तीनलाही शरीरात शिल्लक असते. सकाळच्या पाळीला जायचे असेल तर त्या रात्री हे पेय नकोच.

कायद्याच्या आणखी दोन गोष्टी. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, आणि व्होडकासारख्या मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. महाविद्यालयीन मुलांच्या मेजवानीत ते ठेवणे यजमानाच्या अंगाशी येऊ शकते. विकत घेतलेल्या मद्यात घरी शेंग मुरवणे वेगळे, घरी दारू गाळणे वेगळे. दुसरा प्रकार सरळ गुन्हा आहे, आणि आपण मुरवलेली बाटली विनापरवाना विकणेही तसेच.

मद्य न घेणाऱ्यांना याच चवीपासून वंचित राहण्याची गरज नाही. पाक गरम असतानाच त्यात अर्धी चिरलेली शेंग टाकून रात्रभर झाकून ठेवावी. पाण्यात व्हॅनिलिन कमी विरघळत असले तरी उष्णतेने ते बऱ्यापैकी उतरते. मग ४५ मिलिलिटर डिकॉक्शन, २० मिलिलिटर हा पाक आणि तेच मीठ बर्फासह हलवून गाळले की तितकाच देखणा ग्लास तयार होतो. पाहुण्यांमध्ये गाडी चालवणारा कोण हे आधी विचारून त्याच्यासाठी हाच ग्लास वेगळा भरावा. दोन्ही पेये दिसायला सारखी असल्याने ग्लासांना खूण करायला विसरू नये.

व्होडका संपल्यावर शेंग फेकू नये. ती सावलीत दोन दिवस वाळवून साखरेच्या बरणीत खुपसून ठेवावी. पंधरा दिवसांत सगळ्या साखरेला वास लागतो, आणि सकाळच्या साध्या कॉफीत ही साखर चमचाभर घातली तरी पुरे.