‘घनता-उंची’ : एका पारिभाषिक संज्ञेचा उलगडा

विमानविद्येतील ‘घनता-उंची’ ही संज्ञा प्रथमदर्शनी फसवी आहे. घनता-उंची अधिक आहे असे म्हटले असता हवा अधिक दाट असावी, असा ऐकणाऱ्याचा ग्रह होतो. वस्तुतः अर्थ नेमका उलट आहे. या सामासिक शब्दात ‘उंची’ हे पद प्रधान असून ‘घनतेवरून ठरविलेली उंची’ असा त्याचा विग्रह करावा लागतो. प्रमाण वातावरणात ज्या उंचीवर हवा आजच्या येथील हवेइतकी विरळ असते, ती येथील आजची घनता-उंची होय. अर्थात आकडा जितका मोठा, तितकी हवा विरळ.

हा आकडा काढण्याची स्थूल रीत सोपी आहे. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीचे तापमान १५ अंश सेल्सिअस मानलेले असून ते दर हजार फुटांस सुमारे २ अंशांनी उतरते. वायुदाब प्रमाणाइतका असल्यास, प्रत्यक्ष तापमान प्रमाण तापमानाहून जितके अंश अधिक, तितके वेळा १२० फूट स्थळाच्या उंचीत मिळवावयाचे. अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातील लेडव्हिलचा विमानतळ ९,९३४ फुटांवर आहे. तेथील प्रमाण तापमान उणे ५ अंश ठरते. उन्हाळ्यात दुपारी पारा २० अंशांवर गेला, तर २५ अंशांच्या फरकामुळे ३,००० फुटांची भर पडून घनता-उंची सुमारे १२,९०० फूट होते. सेसना १७२ एस या चार आसनी विमानाची आरोहणमर्यादा १४,००० फूट आहे. म्हणजे हे विमान धावपट्टीवर उभे असतानाच आपल्या मर्यादेच्या जवळ पोहोचलेले असते.

विरळ हवेचा परिणाम तिहेरी असतो. टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनास प्राणवायू कमी मिळून, वरील परिस्थितीत त्याची एकतृतीयांशाहून अधिक शक्ती घटते. प्रॉपेलरची ओढ उणावते. पंखांना पुरेसे उत्थापन मिळण्यासाठी विमानाचा खरा वेग सुमारे एकपंचमांशाने अधिक असावा लागतो. वेगदर्शक मात्र नेहमीचाच आकडा दाखवितो. त्यामुळे धाव लांबते आणि चढण मंदावते.

जमिनीलगत हवेचा अवरोध कमी असल्याने असे विमान उचलले जाते खरे, परंतु पुढे चढत नाही. जून २०१२ मध्ये आयडाहो राज्यातील ब्रूस मेडोज येथे एका स्टिन्सन १०८ विमानाची हीच गत झाली. घनता-उंची नऊ हजार फुटांहून अधिक होती. विमानाने जमीन सोडली, परंतु पुरेशी उंची न मिळाल्याने ते झाडांवर आदळले. आतील चौघेही सुदैवाने बचावले.

म्हणूनच उड्डाणापूर्वीचा हिशेब अपरिहार्य ठरतो. घनता-उंची काढून विमानाच्या पुस्तिकेतील तक्त्यांवरून धावेची लांबी व चढण्याचा वेग पाहावा. इंधन व सामान बेताचे घ्यावे. पुस्तिकेप्रमाणे इंधन-मिश्रण विरळ करावे. शक्यतो पहाटेच्या गारव्यात निघावे. धावपट्टीच्या मध्यापर्यंत उड्डाणास लागणाऱ्या वेगाच्या ७० टक्के वेग न आल्यास उड्डाण सोडून द्यावे, असा सर्वमान्य संकेत आहे. हा थांबण्याचा बिंदू इंजिन सुरू करण्यापूर्वीच निश्चित करावयाचा असतो, कारण झाडे समोर दिसू लागल्यावर परतण्यास जागा उरत नाही.