जेवढे उघडावे लागेल तेवढेच

बिटकॉइनचे दफ्तर सर्वांस सदैव खुले असल्यामुळे, रक्कम कोणत्या शर्तींवर खर्च करता येईल हे सांगणारी स्क्रिप्ट रचणाऱ्याला प्रत्येक शर्तीच्या प्रसिद्धीचाही विचार करावा लागतो. एका सामायिक निधीसाठी मी केलेल्या मसुद्यात शर्ती साध्याच होत्या : तीन विश्वस्तांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या, आणि निधी 52,560 ब्लॉक, म्हणजे सुमारे वर्षभर, जागचा न हलल्यास वारसाची एकट्याची सही.

2012 साली अमलात आलेल्या पद्धतीने ही स्क्रिप्ट 20 बाइटांच्या हॅशमागे झाकता येई. परंतु पहिला खर्च होताच साऱ्या किल्ल्या आणि मुदत, म्हणजे ज्याची गरजच पडली नाही ते कलमसुद्धा, चव्हाट्यावर येई. नोव्हेंबर 2021 मध्ये लागू झालेल्या टॅपरूटमुळे कलमे मर्कल वृक्षाच्या निरनिराळ्या पानांवर मांडता येतात व वापरलेले पानच तेवढे उघडते. आणि नित्याच्या दोन विश्वस्तांची संयुक्त किल्ली मुळाशी ठेवली, तर त्यांची 64 बाइटांची श्नॉर सही एकट्या इसमाच्या सहीहून वेगळी ओळखू येत नाही.

उरलेल्या दोन जोड्या आणि वारस यांची तीन पाने मांडताना मात्र खरी घासाघीस सुरू झाली. एक पान पहिल्या पायरीवर आणि दोन दुसऱ्या पायरीवर बसतात. दर पायरीस 32 बाइटांचा पुरावा लागत असल्याने अधिक संभाव्य कलम वर ठेवणे किफायतीचे, पण पुराव्याची ही लांबीच रचनाकाराचा अंदाज उघड करते. कधीही न वापरावयाचे चौथे पान घालून सर्वांस एका पातळीवर आणले, की वरच्या पानाचा खर्च 32 बाइटांनी, म्हणजे शुल्काच्या हिशेबी आठांनी, वाढतो. तो मी पत्करला.

तरीही मुदतीच्या कलमाने पेच टाकलाच. वारसाचा अधिकार जागृत होऊ नये म्हणून विश्वस्तांनी वर्ष भरण्यापूर्वी निधी स्वतःच्याच नावे नव्याने वळवावा लागतो, आणि तो दर अकराव्या महिन्यास नेमाने वळवला, तर पान एकदाही न उघडता त्यावर काय लिहिले असावे याचा तर्क दफ्तर चाळणारा कोणीही करू शकतो. म्हणून मसुद्यासोबत दिलेल्या सूचनापत्रात मी अखेरचे कलम घातले : निधी अनियमित अंतराने, शक्यतो दुसऱ्या एखाद्या देण्याच्या निमित्तानेच, हलवावा.