दैनंदिन व्यवहारातून नेतृत्वगुणांचा विकास : प्रा. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या जीवनकार्याच्या आधारे एक अभ्यास

सारांश :

नेतृत्व हे पदाबरोबर प्राप्त होते किंवा ते काही व्यक्तींना जन्मतःच लाभलेले असते, असे दोन समज समाजात रूढ आहेत. प्रस्तुत लेखात या दोन्ही समजांची चिकित्सा केली आहे. नेतृत्वाला आवश्यक असणारे वैयक्तिक गुण हे रोजच्या कामातील लहानसहान सवयींतून घडतात व पद हे त्या गुणांची केवळ परीक्षा घेते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. त्यासाठी सुमारे दोन दशके अध्यापन करून पुढे राष्ट्रीय नेतृत्वापर्यंत पोहोचलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांचे उदाहरण घेतले आहे.

बीजसंज्ञा : नेतृत्व, सवय, पूर्वतयारी, उत्तरदायित्व, सातत्य, सहकारी घडविणे.

प्रस्तावना :

कोणत्याही संस्थेची प्रगती ही तिच्या इमारतीपेक्षा व निधीपेक्षा तेथील माणसांवर अधिक अवलंबून असते. म्हणूनच अलीकडे महाविद्यालयांमधून नेतृत्व विकासाच्या कार्यशाळा व शिबिरे मोठ्या प्रमाणात घेतली जातात. एक-दोन दिवसांच्या अशा उपक्रमांतून विद्यार्थ्यांना प्रेरणा मिळते, हे खरे. परंतु प्रेरणा आणि गुण यांत फरक आहे. प्रेरणा भाषण ऐकून मिळू शकते, गुण मात्र आचरणाशिवाय अंगी बाणत नाही. ज्याप्रमाणे पोहण्यावरील व्याख्यान ऐकून कोणी पोहू शकत नाही, त्याचप्रमाणे नेतृत्वावरील व्याख्यान ऐकून कोणी नेता होत नाही.

प्राध्यापकांच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. प्राध्यापक हा विद्यार्थ्यांना नेतृत्व शिकवतो. त्याच वेळी विभाग, परीक्षा, राष्ट्रीय सेवा योजना, स्नेहसंमेलन अशा अनेक समित्यांमधून तो स्वतःही नेतृत्व करीत असतो. विद्यार्थी त्याचे भाषण एकदा ऐकतात, पण त्याचे वर्तन रोज पाहतात. या दोहोंत अंतर पडले, तर विद्यार्थी भाषण विसरतात व वर्तन लक्षात ठेवतात. त्यामुळे नेतृत्वगुणांचा विचार प्राध्यापकाने प्रथम स्वतःच्या दिनक्रमापासून करणे गरजेचे ठरते.

उद्दिष्टे :

१. नेतृत्व व पद यांतील फरक स्पष्ट करणे.
२. गोखले यांच्या जीवनातील नेतृत्वगुणांच्या जडणघडणीचा आढावा घेणे.
३. हे गुण महाविद्यालयीन जीवनात रोज कसे जोपासता येतील, याचा विचार करणे.

नेतृत्व आणि पद :

पद हे नियुक्तीने, निवडणुकीने अथवा सेवाज्येष्ठतेने मिळते. पदाबरोबर अधिकार येतो व अधिकाराने आज्ञा देता येते. परंतु आज्ञा पाळणे आणि विश्वासाने सोबत येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अधिकाराचा प्रभाव पद असेपर्यंत टिकतो, नेतृत्वाचा प्रभाव मात्र पद गेल्यावरही राहतो. अनेक विभागांमध्ये असे दिसते की, अडचण आली की सहकारी विभागप्रमुखाकडे जाण्याऐवजी एखाद्या कनिष्ठ सहकाऱ्याकडे जातात. त्याच्याकडे कोणतेही पद नसते. तो दिलेला शब्द पाळतो, ऐकून घेतो व सांगितलेले काम वेळेवर करतो, एवढेच त्याचे भांडवल असते. खरे नेतृत्व या भांडवलावर उभे राहते.

गोखले : जडणघडणीचा अल्प परिचय

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी कोकणातील कोतळूक या गावी एका सामान्य परिस्थितीतील कुटुंबात झाला. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर ते पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करू लागले. आगरकरांच्या ‘सुधारक’ पत्राच्या इंग्रजी विभागाचे लेखन, सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन अशी कामे त्यांनी अध्यापन सांभाळून केली. मुंबई कायदेमंडळ, मध्यवर्ती कायदेमंडळ आणि १९०५ साली बनारस येथील काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद हे टप्पे त्यानंतरचे आहेत. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

गोखले यांचे उदाहरण येथे निवडण्याचे कारण असे की, ते जन्मजात नेते नव्हते. स्वभावाने ते संकोची व संवेदनशील होते. टीका त्यांच्या मनाला लागत असे. जनसमुदायाला हलवून सोडणारे वक्तृत्वही त्यांच्याकडे नव्हते. त्यांच्या ठायी जे गुण दिसतात, ते बहुतांशी प्रयत्नाने मिळविलेले आहेत. म्हणूनच ते इतरांनाही मिळविता येण्यासारखे आहेत.

नेतृत्वगुणांचे विवेचन :

१) पूर्वतयारी व शिकण्याची वृत्ती :

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले यांनी १८८७ पासून रानडे यांच्या १९०१ मधील निधनापर्यंत सार्वजनिक कामाचे शिक्षण घेतले. निवेदने, अहवाल व लेख तयार करावयाचे, ते रानड्यांपुढे ठेवावयाचे आणि त्यांच्या कसोटीस उतरेपर्यंत सुधारावयाचे, हा या शिक्षणाचा गाभा होता. या काळात गोखले स्वतः महाविद्यालयात शिकवीत होते, हे विशेष लक्षात घेतले पाहिजे. शिक्षक झाल्यानंतरही त्यांनी विद्यार्थीपण सोडले नाही. आर्थिक प्रश्नांवरील आकडेवारीसाठी ते गणेश व्यंकटेश जोशी या व्यासंगी शिक्षकाचे साहाय्य नि:संकोचपणे घेत.

या तयारीचे फळ १९०२ साली मध्यवर्ती कायदेमंडळातील अर्थसंकल्पावरील त्यांच्या पहिल्याच भाषणात दिसून आले. सरकारी तिजोरीतील शिल्लक हे जनतेच्या समृद्धीचे लक्षण नसून कराचा बोजा गरजेपेक्षा जास्त असल्याचे लक्षण आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांच्या आधारे मांडले. मिठावरील कर कमी करण्याची मागणीही त्यांनी केली. पुढील वर्षी, म्हणजे १९०३ मध्ये, हा कर कमी झाला. भाषण काही वेळाचे होते, त्यामागील तयारी मात्र पंधरा वर्षांची होती.

२) शब्द पाळणे :

डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करावी, असा दंडक होता. गोखले यांना अन्यत्र अधिक प्राप्ती व अधिक प्रतिष्ठा मिळू शकली असती. तरीही ते संस्थेत राहिले व १९०२ साली निवृत्त झाले. महाविद्यालयाच्या इमारतीसाठी सुट्ट्यांमध्ये गावोगावी हिंडून देणग्या गोळा करण्याचे कामही त्यांनी केले. देणगी मागण्यात कोणाला गौरव वाटत नाही. परंतु अशा अप्रिय कामातूनच अहंकार झिजतो व माणसांची पारख येते.

३) चुकीची जबाबदारी स्वीकारणे :

१८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले इंग्लंडला गेले होते. त्याच काळात पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली गोऱ्या सैनिकांकडून होणाऱ्या अत्याचारांची पत्रे त्यांना पुण्याहून मिळाली. त्यांवर विश्वास ठेवून त्यांनी ते आरोप इंग्लंडमधील वृत्तपत्रातून मांडले. मायदेशी परतल्यावर मात्र त्यांतील गंभीर आरोपांना पुरावा देण्यास कोणी पुढे येईना. तेव्हा गोखले यांनी आरोप मागे घेऊन जाहीर व बिनशर्त माफी मागितली आणि पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड केली नाहीत.

या माफीमुळे त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांनी त्यांना बेजबाबदार ठरविले, तर स्वकीयांपैकी अनेकांनी भित्रे म्हटले. प्लेगच्या काळात लोकांवर जाच झालाच नाही, असा या माफीचा अर्थ नव्हता. जे आपण सिद्ध करू शकत नाही ते आपण बोललो, याची जबाबदारी स्वीकारणे एवढाच तिचा अर्थ होता. त्यानंतर ते प्लेगनिवारणाच्या कार्यात स्वयंसेवकांसह सहभागी झाले. पुढील काळातील त्यांच्या प्रत्येक विधानामागे पुराव्याची जी काटेकोर चौकट दिसते, तिचे एक मूळ या कटू अनुभवात असावे. चूक लपविणारा तीच चूक पुन्हा करतो, चूक मान्य करणारा तिच्यातून पद्धत शिकतो.

४) पराभवानंतरचे सातत्य :

प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याच्या दिशेने सरकारने पावले टाकावीत, असा ठराव गोखले यांनी १९१० साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला. सरकारी आश्वासनानंतर तो मागे घेण्यात आला. अपेक्षित कृती न झाल्याने त्यांनी १९११ साली विधेयक आणले. त्यावर आलेल्या आक्षेपांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले. १९१२ साली हे विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. सरकारी बहुमताच्या सभागृहात हा निकाल त्यांना अनपेक्षित नव्हता. तरीही त्यांनी मांडणीत कसूर केली नाही, कारण प्रश्न जनतेपुढे स्पष्टपणे येणे हेही एक कार्य आहे, अशी त्यांची धारणा होती. पुढे १९१८ साली मुंबई प्रांतात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नांतून नगरपालिका क्षेत्रासाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि २००९ साली बालकांच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा संमत झाला. नेत्याच्या कार्याचे मोजमाप केवळ तत्कालीन मतांवर होत नाही, हे यावरून लक्षात येते.

५) सहकारी घडविणे :

१२ जून १९०५ रोजी गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. सदस्यांना सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत व प्रारंभी पाच वर्षे प्रशिक्षणात घालवावी लागत. रानड्यांकडून स्वतःला जे मिळाले, ते नियमबद्ध रूपात पुढील पिढीला देण्याचा हा प्रयत्न होता. कामगार चळवळीतील ना. म. जोशी, स्त्रीशिक्षण व सहकार क्षेत्रातील गो. कृ. देवधर, आदिवासी व दलितांसाठी झटणारे ठक्कर बाप्पा, संसदपटू हृदयनाथ कुंझरू हे या संस्थेचे सदस्य होते. प्रत्येकाचे कार्यक्षेत्र वेगळे होते. आपल्यासारखेच अनुयायी तयार न करता आपल्यापेक्षा वेगळे काम करू शकणारे कार्यकर्ते तयार करणे, हे परिपक्व नेतृत्वाचे लक्षण होय.

एक मर्यादा :

गोखले यांच्या जीवनातून एक इशाराही मिळतो. १९०१–०२ च्या सुमारास कलकत्त्यात गोखले यांच्या सहवासात सुमारे महिनाभर राहिलेल्या गांधीजींनी आपल्या आत्मकथेत त्यांच्या उद्योगशीलतेचे व वेळेच्या काटकसरीचे कौतुक केले आहे. त्याचबरोबर ते पायी फिरणे व व्यायाम यांकडे लक्ष देत नाहीत, याबद्दल खेदही नोंदविला आहे. पुढे मधुमेहासारख्या व्याधींनी त्यांना ग्रासले व त्यांचे कार्य अकाली थांबले. स्वतःच्या प्रकृतीची काळजी घेणे हा स्वार्थ नाही. इतरांची जबाबदारी घेतलेल्या व्यक्तीचे ते कर्तव्यच आहे.

महाविद्यालयीन जीवनातील उपयोजन :

उपरोक्त गुणांचा सराव करण्यासाठी स्वतंत्र वेळ काढण्याची आवश्यकता नाही. नेहमीच्या कामातच तो पुढीलप्रमाणे करता येईल.

१. उत्तरपत्रिका वा वह्या ज्या दिवशी परत देण्याचे सांगितले असेल, त्याच दिवशी द्याव्यात. ते शक्य नसल्यास आधी कळवावे.
२. सभेला जाण्यापूर्वी विषयपत्रिका वाचावी व एका तरी मुद्द्याची माहिती सोबत न्यावी. माहितीशिवाय मत देण्याचा मोह टाळावा.
३. विद्यार्थ्याने वर्गात चूक दाखविल्यास ती तपासून दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात त्याच्या नावासह मान्य करावी.
४. आपले लेखन प्रसिद्धीपूर्वी एखाद्या परखड सहकाऱ्यास दाखवावे, मग तो वयाने वा पदाने लहान का असेना.
५. शिबिर किंवा स्नेहसंमेलनाचा हिशेब विद्यार्थ्यांकडे सोपवावा, तपासणी मात्र स्वतः करावी. काम झाल्यावर श्रेय ज्याचे त्याला द्यावे.
६. एखादा प्रस्ताव फेटाळला गेल्यास आक्षेप लिहून काढावेत व सुधारित प्रस्ताव पुन्हा मांडावा.

या गोष्टी क्षुल्लक वाटणे स्वाभाविक आहे. त्या एकदा करणे सोपेही आहे. वर्षानुवर्षे करणे मात्र कठीण आहे आणि त्यातच त्यांचे मोल आहे.

निष्कर्ष :

१. नेतृत्वगुण पदापूर्वी घडतात. पद मिळाल्यावर ते केवळ प्रकट होतात किंवा त्यांचा अभाव प्रकट होतो.
२. जन्मजात स्वभाव हा नेतृत्वाच्या मार्गातील कायमचा अडसर नसतो. सवयीने त्याला वळण देता येते.
३. पूर्वतयारी, वचनपालन, चुकीचा स्वीकार, सातत्य व सहकारी घडविणे हे गुण सामान्य कामातूनच विकसित होतात.
४. विद्यार्थ्यांमध्ये नेतृत्व रुजविण्याचे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे प्राध्यापकाचे रोजचे वर्तन होय.

समारोप :

गोखले यांच्या वाट्याला सत्ता आली नाही व त्यांचे सर्वांत प्रिय विधेयकही संमत झाले नाही. तरीही गांधीजींनी त्यांना आपले राजकीय गुरू मानले. हा अधिकार त्यांना कोणत्याही नियुक्तीने मिळाला नव्हता. तो वर्गात, संपादनाच्या मेजावर आणि देणगीसाठी केलेल्या फेऱ्यांत हळूहळू जमा झाला होता. आजच्या महाविद्यालयांतही वर्ग आहेत, समित्या आहेत आणि अप्रिय कामांचीही उणीव नाही. त्यांच्याकडे नेतृत्वाची पाठशाळा म्हणून पाहण्याची दृष्टी तेवढी निर्माण व्हावयास हवी.